एको रेडिओ : साउथएंड, भिरा आणि म्हसळा

१/ जुन्या घरांच्या माळ्यावर क्वचित ‘नॅशनल-एको’ हे नाव मिरवणारा रेडिओ आढळतो. ‘नॅशनल’ मुंबईचे, ‘एको’ इंग्लंडमधील साउथएंड या समुद्रकाठच्या गावाचे. या दोन शब्दांना जोडणाऱ्या लहानशा रेघेत वीज, धरण आणि म्हसळ्यासारखा किनारी तालुका यांचा एकत्रित इतिहास सामावला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रारंभ १९२० च्या दशकातील इंग्लंडमध्ये. त्या काळातील व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी कमी दाबाची ॲसिडची बॅटरी, तर ध्वनी वाढवण्यासाठी जास्त दाबाची कोरडी बॅटरी. पहिली ठरावीक दिवसांनी दुकानात नेऊन भरून आणावी लागे. दुसरी संपली की फेकून द्यावी लागे. श्रवणाच्या या सुखाला खर्च आणि कटकट दोन्ही जडलेली होती.

३/ साउथएंडमध्ये एरिक कर्कहॅम कोल हा तरुण रेडिओ संच बनवीत असे. शिक्षक आणि हौशी पत्रकार असलेल्या विल्यम व्हेरेल्स यांनी एका लेखातून प्रश्न उपस्थित केला होता : रेडिओ थेट घरातील विजेवर का चालू नये? दोघे एकत्र आले आणि बॅटरीची जागा घेणारे उपकरण बनवू लागले. १९२६ मध्ये ‘ई. के. कोल लिमिटेड’ ही कंपनी उभी राहिली. संस्थापकाच्या आद्याक्षरांतून ‘एको’ हे नाव तयार झाले.

४/ पुढे एकोने संपूर्ण रेडिओ बनवले आणि त्यांच्या पेट्यांसाठी लाकडाऐवजी बेकलाइट हे साच्यात घडवता येणारे नवे द्रव्य स्वीकारले. सर्ज चेर्मायेफ आणि वेल्स कोट्स या वास्तुरचनाकारांकडून तिने पेट्यांची आरेखने करून घेतली. कोट्सचा १९३४ चा वर्तुळाकार ‘एडी ६५’ आज संग्रहालयांत मानाने मांडलेला असतो.

५/ पण एकोच्या यशामागे एक न बोललेले गृहीतक होते : घराच्या भिंतीत वीज आहे. हे गृहीतक जिथे कोसळते, तिथून आपला इतिहास सुरू होतो.

६/ मुंबईत नियमित प्रसारणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ने केला. ती खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली. सरकारने प्रसारण हाती घेतले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. १९४० मध्ये मुंबईत एक भारतीय रेडिओ कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने ‘नॅशनल-एको’ म्हणून घराघरांत पोहोचली आणि टाटा समूहाची ‘नेल्को’ म्हणून नावारूपाला आली.

७/ मुंबईत घरोघरी वीज होती. ती येत कुठून होती? बव्हंशी सह्याद्रीच्या पायथ्यापासून. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीत १९१५, भिवपुरीत १९२२ आणि भिऱ्यात १९२७ मध्ये सुरू झाली. तिन्ही ठिकाणे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील. त्यांपैकी भिरा माणगाव तालुक्यात आहे आणि माणगाव हा म्हसळ्याचा शेजारी.

८/ भिऱ्याच्या जनित्रांना पाणी मिळते ते घाटमाथ्यावरील मुळशीच्या धरणातून. त्याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. मावळातील शेतकऱ्यांची गावे आणि भातखाचरे बुडाली, पाणी कोकणात कोसळले, वीज निर्माण झाली आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे व वस्त्यांकडे गेली.

९/ त्या काळी म्हसळा जंजिरा संस्थानात होते. सिद्दी नवाबांचे राज्य १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात वीज पोहोचलेल्या खेड्यांची संख्या होती सुमारे १,५००. कोकणातील वाड्यावस्त्यांना वीज देण्याचे काम मुख्यतः १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या वाट्याला आले. म्हणजे वीज जन्मली शेजारच्या तालुक्यात, परंतु उजेड आधी पडला तो शंभर किलोमीटरवरील शहरात.

१०/ अशा मुलखात रेडिओ ऐकायचा तर मार्ग एकच : बॅटरीवर चालणारा संच. भारतीय बाजारात असे ‘ड्राय बॅटरी’ संच स्वतंत्रपणे विकले जात. तार तापवण्यासाठी दीड व्होल्ट आणि ध्वनीसाठी नव्वद व्होल्ट पुरवणारा जडशीळ पुडा त्यांना लागे. संपलेला पुडा पुन्हा भरता येत नसे. शहरातून नवा आणावा लागे. बॅटरी हटवण्यासाठी जन्मलेल्या उद्योगाला विजेविना असलेल्या गिऱ्हाइकापुढे पुन्हा बॅटरीच ठेवावी लागली.

११/ त्यात परवान्याची भर. १८८५ च्या तार कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यास परवाना आवश्यक होता आणि तो टपाल कार्यालयातून मिळे. दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. संच, पुडा, परवाना असा तिहेरी खर्च शेतीच्या उत्पन्नात बसणे कठीण. म्हणून कोकणातील रेडिओचा इतिहास चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीपासून वेगळा काढता येत नाही.

१२/ निसर्गाचा कौल मात्र संमिश्र होता. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून कमी क्षीण होतात; त्यामुळे मुंबईचा आवाज किनाऱ्याच्या गावांना तुलनेने सुस्पष्ट लाभे. पण पावसाळ्याच्या तोंडावर विजा चमकू लागल्या की त्याच लहरींवर खरखर माजे.

१३/ ही कोंडी फोडली ट्रान्झिस्टरने. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. त्यात तापवायची तार नव्हती, नव्वद व्होल्टची गरज नव्हती. विजेरीचे साधे सेल पुरेसे होते. १९६० च्या दशकात भारतात ट्रान्झिस्टर संच पसरू लागले आणि रेडिओ शेताच्या बांधावर व होडीतही पोहोचला. एकोच्या संस्थापकांनी ज्या बॅटरीला शत्रू मानले, तिनेच अखेर रेडिओला सर्वव्यापी केले.

१४/ दरम्यान मूळ ब्रिटिश कंपनीचा अस्त होत होता. १९६० मध्ये एको ‘पाय’ या प्रतिस्पर्धी कंपनीशी जोडली गेली आणि १९६७ मध्ये ‘पाय’वर डच फिलिप्सचा ताबा आला. मुंबईची कंपनी टिकली, परंतु डबघाईला आली. १९७१ मध्ये तिची धुरा रतन टाटांकडे सोपवण्यात आली, तेव्हा तिचा बाजारातील वाटा जेमतेम २ टक्के होता. १९७५ पर्यंत तो २० टक्क्यांवर पोहोचला. पण आणीबाणीच्या काळातील मंदी आणि १९७७ मधील कामगार संघर्ष यांनी ही उभारी रोखली.

१५/ आज नेल्को नवी मुंबईत महापे येथून उपग्रहाद्वारे संपर्कसेवा पुरवते. तारा न पोहोचलेल्या ठिकाणांना आणि समुद्रावरील जहाजांना जोडणे हा तिचा व्यवसाय आहे. जिथे तार नाही तिथे आवाज कसा न्यायचा, हा तिच्या जुन्या ग्राहकांचाच प्रश्न.

१६/ तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधकाच्या गावावरून लिहितो. साउथएंडवरून पाहिले तर बॅटरीकडून विजेकडे गेलेली सरळ रेषा दिसते. म्हसळ्यावरून पाहिले तर ती रेषा कित्येक वर्षे उलट धावते. दोन्ही खरे आहे. पण दुसऱ्या इतिहासाची साधने ग्रंथालयात कमी आणि माळ्यावर अधिक आहेत.

१७/ म्हणून विनंती. घरी जुना संच असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागचे छायाचित्र घ्या. विजेची दोरी आहे की बॅटरीची खोबण, यावरून तो कोणत्या प्रकारच्या घरासाठी घडवला गेला हे कळते. सोबत टपालाचे शिक्के असलेले परवान्याचे पुस्तक सापडले तर रेडिओ घरात कधीपासून होता हेही कळेल. आणि एक सावधगिरी : व्हॉल्व्हचा संच वर्षानुवर्षे बंद असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय थेट विजेला जोडू नका. आतील जुने भाग निकामी झालेले असतात आणि दाब जीवघेणा असतो.