डोंगरमाथ्यावरच्या वह्या

शिकारी पक्ष्यांविषयी वाचायला घेतलं की एक जागा हटकून समोर येते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला हॉक माउंटन. तिथल्या लांबलचक डोंगररांगेवर वारा आदळून वर चढतो आणि पानगळीच्या दिवसांत दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड त्यावर आरामात तरंगत जातात. अगदी माणसाच्या डोक्यावरून.

आज लोक तिथे दुर्बिणी घेऊन जातात. १९३०च्या आसपास बंदुका घेऊन जायचे. खायला नाही, विकायला नाही, निव्वळ मौज म्हणून! त्यात सरकारने १९२९ पासून गॉशॉक या बाजाच्या शिकारीवर ५ डॉलर इनाम लावलेलं. लांबून कुठला बाज कोणता हे कोण बघतंय? दिसेल तो पाडायचा. १९३२ साली रिचर्ड पाऊ या तरुणाने मेलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून फोटो काढले.

ते फोटो न्यूयॉर्कच्या रोझाली एज यांच्या पाहण्यात आले. पन्नाशी ओलांडलेल्या, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या बाई. कायदा बदलण्याची वाट बघत न बसता १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकर डोंगरच भाड्याने घेतला. मला हा व्यवहारीपणा फार आवडतो. जागा आपल्या ताब्यात आली की बंदूकवाल्याला फाटकातूनच परत पाठवता येतं. राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी इर्मा आले. इर्माबाई फाटक सांभाळायच्या, मॉरिस वर खडकावर बसून जाणारा प्रत्येक पक्षी वहीत मांडायचे. १९४३ ते १९४५ ही युद्धाची वर्षं सोडली तर ही मोजणी आजतागायत चालू आहे.

आता खरी गोष्ट. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे कोवळा गरुड लांबूनही ओळखू येतो. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये उरले २० टक्के. १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एक! म्हणजे गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरात पाळणा हलत नव्हता. आणि या वेळी बंदुकीचा आवाजही नव्हता. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हेच आकडे डीडीटीविरुद्ध मांडले. या विषाने अंड्यांची कवचं पातळ होतात हे त्यानंतर सिद्ध झालं. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी आणली, आणि २००७ मध्ये बाल्ड ईगल तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

आपल्याकडे भरतपूरला गिधाडांच्या घरट्यांची मोजणी १९८०च्या दशकात झाली होती, म्हणून पुढच्या दशकातली पडझड आकड्यांनी दाखवता आली. गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅकचं नाव पुढे यायला २००४ उजाडलं, आणि गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर भरतपूरची घरटी रिकामी झाली होती.