साप ओळखण्याचे मोल

वारूळवाडी मीना नदीकाठी वसलेली. पाण्याजवळ बेडूक व उंदीर, आणि त्यांच्यामागे साप. १८९१ साली व्हिएतनाममध्ये असेच घडले. पुरामुळे नाग घरांत शिरले, माणसे दगावली. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेथेच संशोधन आरंभिले आणि पुढे नागविषावर प्रतिविष बनविले. परंतु घोणशीच्या दंशावर ते निष्प्रभ ठरले! म्हणजे साप ओळखल्याविना उपचार अशक्य. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांना नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची विषे टोचून चारही सापांवर चालणारे एकच प्रतिविष तयार केले. म्हणून विद्यार्थ्यांना सांगावे, दंशानंतर साप शोधण्यात वेळ दवडू नका. रुग्णाला न चालवता तत्काळ रुग्णालयात न्या.