एक लिटर पाणी आणि दोन ग्राफिक्स कार्डं

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लोणावळ्याच्या घरात संगणकाला पाण्याने थंड ठेवायची जोडणी करत होतो, संध्याकाळी सगळ्या त्यातच गेल्या. "संगणकात पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?" हे आत्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. गाडी मध्येच इतिहासात शिरणार आहे, तेवढी तयारी ठेवा.

आधी हिशोब. मोडी कागदपत्रं वाचायला शिकणारं मॉडेल घरच्या घरी चालवून बघायचं, म्हणून यंत्रात आरटीएक्स ३०९० जातीची दोन ग्राफिक्स कार्डं बसवली. एक कार्ड ३५० वॉट खातं. दोघांचे ७००, प्रोसेसरचे १५० धरा, झाले ८५०. आंघोळीच्या बादलीत सोडतो तो हीटरचा रॉड साधारण १००० वॉटचा असतो. म्हणजे जवळजवळ तो रॉडच एका डब्यात तासन्‌तास पेटलेला. त्यात कार्डं एकाखाली एक, त्यामुळे खालच्याने सोडलेली गरम हवा वरचं ओढून घेतं. पंखे कितीही किंचाळले तरी फरक शून्य.

पाण्याचा मोठा गुण असा की तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा ते सुमारे ३५०० पट उष्णता वाहून नेतं. माझा पंप मिनिटाला चारेक लिटर पाणी फिरवतो. या वेगाने ८५० वॉट उचलूनही एका फेरीत पाणी जेमतेम ३ अंश तापतं. चिपवर तांब्याचा ब्लॉक, त्यात बारीक खाचा, मग नळी, दोन रेडिएटर, छोटी टाकी, पंप, आणि पुन्हा ब्लॉक. एकूण पाणी एक लिटर. तेही डिस्टिल्ड, आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषधाचे थेंब (लोणावळ्यात पावसाळ्यात चपलेलाही बुरशी येते, हे इथल्या पाहुण्यांना सांगायला नको). पाण्याच्या वाटेत सगळीकडे तांबं-पितळ. मध्येच ॲल्युमिनियम आलं की दोन धातूंचं भांडण लागतं आणि ॲल्युमिनियम खंगतं. पाणी भरण्याआधी हातपंपाने हवा भरून काटा पाहिला. नंतर संगणक बंद ठेवून नुसता पंप रात्रभर चालवला, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. कागद कोरडे निघाले, मग वीज जोडली. इथल्या दमट हवेत नळ्यांना घाम फुटेल का, असं एकाने विचारलं. नाही फुटत. या जोडणीत पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होतच नाही.

ही युक्ती जुनी आहे. जेम्स वॉटने १७६९ साली पेटंट घेतलं ते वाफेच्या इंजिनातली वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायच्या कल्पनेचं. जहाजांची इंजिनं गोड्या पाण्याने थंड होतात. ते पाणी आतल्या आत फिरतं आणि त्याची उष्णता दुसऱ्या नळ्यांतलं समुद्राचं पाणी घेऊन जातं. हे शिकवणारी नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून आमच्या लोणावळ्यातच आहे, समुद्रापासून चांगली दूर घाटावर! संगणकांत १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांतून थंड पाणी फिरायचं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किट एका खास द्रवात बुडवूनच ठेवली होती. १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या चिप आल्या आणि मोठ्या यंत्रांतून पाणी बाहेर पडलं. त्याच सुमारास हौशी पोरांनी मोटारीच्या हीटरचे रेडिएटर आणि माशांच्या टाकीतले पंप जोडून ते घरच्या संगणकात आणलं. पुढे चिप पुन्हा तापू लागल्या. सी-डॅकने १९९१ साली परम ८००० केला त्या पुण्यात, २०१९ साली आयसरमध्ये परम ब्रह्म बसला, तो थेट चिपवर द्रव खेळवून थंड होणारा. आमच्या टेबलावरचं प्रकरण त्याच कुळातलं, फार लांबचं शेंडेफळ म्हणा.

पण या सगळ्यात उष्णता संपत कुठेच नाही. पाणी ती उचलतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं. माझ्याकडे ती खोलीत येते आणि खिडकीतून बाहेर जाते. लोणावळ्याची हवा थंड आणि फुकट, म्हणून माझं भागतं.

आणि मावळच्या माणसाला "दुसरीकडे" हा शब्द चांगला ठाऊक आहे. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेचा पाया इथे घातला गेला. वळवण, शिरवता, लोणावळा हे तलाव झाले. पाणी घाटाखाली खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली सोडलं आणि १९१५ पासून वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पूर्वेला इंद्रायणीत जाणारं पाणी पश्चिमेला पाताळगंगेत उतरलं. गिरण्यांचा कोळशाचा धूर कमी झाला, हे खरंच. पण शेजारच्या मुळशी खोऱ्यात तशाच धरणाची पाळी आली तेव्हा १९२१ साली शेतकरी उभे राहिले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच सत्याग्रहात. धरण तरीही झालं, गावं पाण्याखाली गेली. पुढे ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या बंद पाइपलाइनविरुद्ध मावळातले शेतकरी एक्स्प्रेसवेवर आले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला.

म्हणून 'वॉटर कूलिंग' म्हटलं की मी विचारतो, पाणी फिरतंय की उडतंय? माझ्यासारख्या बंद जोडणीत तेच लिटरभर पाणी वर्षभर फिरतं. डेटा सेंटरच्या छतावर बाष्पीभवनाचे मनोरे असतील तर मात्र पाणी वाफ होऊन जातं. गणित सोपं आहे: १ मेगावॉट उष्णता फक्त बाष्पीभवनाने काढायची तर तासाला सुमारे दीड हजार लिटर, दिवसाला पस्तीस हजार लिटरच्या वर. माझ्या ८५० वॉटचेही तसे तासाला सव्वा लिटर झाले असते. उलट, मनोरे टाळून हवेनेच सगळं भागवायचं ठरवलं तर सहसा वीज जास्त लागते. फुकट काहीच नाही. असो.

चिप तापायच्या थांबणार नाहीत आणि मीही माझी कार्डं काढून ठेवणार नाही. पण पुणे परिसरात मोठं यंत्र येतंय अशी बातमी आली की आपण पेटाफ्लॉप्स किती एवढंच वाचतो. त्याच्या शेजारी दोन आकडे आणखी छापून यायला हवेत: पाणी कुठल्या धरणाचं, आणि रोज किती उडणार. मावळात हे आधी कुणी सांगत नाही, आणि मग लोक रस्त्यावर आल्यावर सगळ्यांना आश्चर्य वाटतं.