३ ऑक्टोबर १९५७ : विविध भारती सुरू

आकाशवाणीची विविध भारती ही मनोरंजन सेवा या दिवशी सुरू झाली. तेव्हा नभोवाणीमंत्री होते डॉ. बाळकृष्ण केसकर, पुण्यात जन्मलेले आणि धृपदाची तालीम घेतलेले. त्यांच्याच काळात, १९५२च्या सुमारास, चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली होती. श्रोत्यांनी मग सुया रेडिओ सिलोनकडे वळवल्या. तिथल्या बिनाका गीतमाला या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाने घरे जिंकली. अखेर सरकारला विविध भारतीच्या रूपाने गाणी परत आणावी लागली. केसकरांची ओळख मात्र ‘सिनेगीतांचा शत्रू’ एवढीच उरली. हा अन्यायच. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलनही त्यांच्याच कारकिर्दीतले. संस्थानिकांचे दरबार संपल्यावर कित्येक गवयांना आधार मिळाला तो आकाशवाणीचाच.