इंजिन आपल्या रांजणगावचं

शिरूर-दौंड पट्ट्यात जुनी सात-आठ सीटची गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी मॉडेल विचारतो, मग किलोमीटर, मग पासिंग एमएच 12 की एमएच 42. इंजिन कुठलं, हे सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाला गाडी तपासून देणं हा माझा धंदा, आणि मी आधी बॉनेटच उघडतो.

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही आणि दौंड म्हणजे मोठं जंक्शन. त्यामुळे न्हावरा-चौफुला रस्त्यावर एसटी चुकली की वडाप, हे ठरलेलं. वडाप म्हणजे बहुतेक ट्रॅक्स. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात मर्सिडीजचं ओएम 616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं. आधी ते मॅटाडोरमध्ये बसलं, नंतर ट्रॅक्समध्ये. इंजिन प्री-चेंबरचं, त्यामुळे थंडीच्या पहाटे हीटर देऊन थांबल्याशिवाय पेटायचं नाही. एकदा पेटलं की मात्र दिवसभर लोड ओढायचं. वडापला दमलेल्या या ट्रॅक्स पुढे स्वस्तात घरगुती झाल्या. लग्नाचं वऱ्हाड, जेजुरीची वारी, अष्टविनायक, सगळं त्यांच्यातच. आठातला रांजणगावचा गणपती शिरूर तालुक्यातच, आणि सिद्धटेकचा दौंडहून भीमा ओलांडली की आलाच. त्या गाडीचं हाफ इंजिन गावातला मिस्त्री झाडाखाली करायचा. रिंगा, व्हॉल्व्ह, नोझल बदलले की झालं. कॉम्प्युटर लावायची गरज नव्हती. अशा इंजिनाबद्दल मला आजही फार आदर आहे.

ज्यांचं कुटुंब लहान, ते मारुती व्हॅनकडे वळले. 1984 साली आलेल्या या व्हॅनला 796 सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सीट उचलली की सगळं हाताशी. चैत्र-वैशाखात मात्र ड्रायव्हरला खालून धग लागायची. तिचंच नाव पुढे ओम्नी झालं, आणि 2010 मध्ये आलेल्या 1196 सीसीच्या ईकोनेही इंजिनाची जागा बदलली नाही. सुमो आणि क्वालिसही इथे भरपूर चालल्या, पण त्यांचं कौतुक सगळीकडे झालंय.

आमच्या मातीतलं इंजिन वेगळंच आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यात 1.3 लिटरचं, नेमकं सांगायचं तर 1248 सीसीचं, मल्टीजेट डिझेल बनायचं. मूळ इंजिन इटलीच्या फियाटचं. त्यात डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठतं आणि कॉम्प्युटरच्या हुकमावर इंजेक्टर एकाच फेऱ्यात ते अनेक छोट्या फवाऱ्यांनी सोडतो. म्हणून आवाज कमी आणि अ‍ॅव्हरेज जास्त. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, डिझेल गाड्यांवर उड्या पडत होत्या आणि मारुतीला स्वतःची इंजिनं पुरत नव्हती. जानेवारी 2012 मध्ये मारुतीने वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं रांजणगावहून घ्यायचा करार केला. त्याच एप्रिलात एर्टिगा आली. तिच्यातलं प्रत्येक डिझेल इंजिन इथलं नव्हतं, मारुतीकडे मानेसरलाही ते बनायचं. तरी आपल्या तालुक्यात तयार झालेलं इंजिन देशभरातल्या घरांच्या दारात उभं राहिलं, ही गोष्ट इथल्या शाळेत पोरांना सांगावी अशी आहे.

डिझेल एर्टिगा तपासताना मी मालकाला आदल्या दिवशीच बजावतो, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गेल्यावर पहिला हात इंजिनावर ठेवतो. ते कोमट लागलं तर तिथेच संशय धरायचा. मग स्टार्टर मारायचा आणि बेल्टच्या बाजूला कान लावायचा. या इंजिनात टायमिंगला चेन आहे. ऑइल वेळेवर न बदलता पळवलेल्या गाडीची चेन ढिली होते आणि थंड इंजिनावर खडखडते. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सोडून वर उलटं ठेवायचं. झाकण थडथड उडायला लागलं, वाफ जोरात आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे आणि इंजिनकाम जवळ आलंय. शेतावरच्या बॅरलमधलं डिझेल पाजलेल्या गाडीचे इंजेक्टर तर आधीच गेलेले असतात. ट्रॅक्सने पचवलं ते हिला पचत नाही.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोलशी असलेला फरक घटत गेला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे धुराचे कडक नियम लागू झाले. तेवढ्या नियमांसाठी छोटं डिझेल सुधारणं परवडणारं नव्हतं. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, रांजणगावचं मल्टीजेटही थांबलं. आता गिऱ्हाईक एर्टिगा विचारतं ती सीएनजीवाली.

2012 च्या पहिल्या एर्टिगांना 2027 मध्ये पंधरा वर्षं भरतील आणि त्यांचं पुन्हा पासिंग करावं लागेल. काढू का ठेवू, असं विचारायला लोक आत्तापासूनच येतात. चेन गप्प असेल आणि इंजेक्टर साफ असतील, तर ठेवा म्हणतो.