आठ तारांचें एक्स्चेंज

२१ ग्राहकांना परस्परांशीं थेट जोडावयाचें म्हटलें, तर २१० तारा ओढाव्या लागतात. अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं जॉर्ज कॉय यानें तेंच काम ८ तारांवर भागविलें. १८७७ मध्यें बेलचें व्याख्यान ऐकून त्याला ही कल्पना सुचली. २८ जानेवारी १८७८ रोजीं त्याचें टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालें. बग्गीचे बोल्ट, किटलीच्या झाकणांच्या मुठी आणि स्त्रियांच्या झग्यांना फुगवटा देणारी तार यांचा स्विचबोर्ड त्यानें उभा केला! एका संभाषणास ६ जोडण्या कराव्या लागत, आणि एका वेळीं संभाषणें चालत दोनच. शिवाय तार सामाईक. व्यापाऱ्याचा सौदा दुसऱ्याच्या कानीं पडला, तर दाद कोणाकडे मागावयाची? तरीहि गिऱ्हाइकें वाढलीं. फेब्रुवारींत निघालेल्या एकपानी यादींत ५० नांवें होतीं. क्रमांक एकहि नव्हता.