एनसी की एफआयआर?

दिवाळी अंकात पोलीस स्टेशनचा विषय कशाला, असं काही जण म्हणतील. पण आपल्यातल्या कित्येक जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे हॉलंडला आल्या. घरात मारहाण झाली तर काय करायचं, हे कंपनीने दिलेल्या माहितीच्या फाइलीत नसतं.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंसोबत मी इथल्या पोलीस स्टेशनवर गेलो होतो. समोरची अधिकारी शांतपणे ऐकत होती, टाइप करत होती. बाईंनी मला हळूच मराठीत विचारलं, "हे एनसी घेतायत की एफआयआर?"

महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हा फरक माहीत असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र. वहीत नोंद होते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईची पूर्वी फार तर एनसी व्हायची, आणि वर "घरचं भांडण घरात मिटवा" हा सल्ला. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात वाचली गेली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. त्या पत्रांतून तिची खचलेली मनःस्थिती दिसते आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असं तिथे ठरलं. बाईने जिवंतपणी लिहिलेलं दुःख कोर्टात कसं वाचलं जातं, हे त्या निकालातून समजतं. पुण्यात नारी समता मंच उभा राहिला तो याच काळात, आणि 'मी एक मंजुश्री' हे त्यांचं प्रदर्शन गावोगाव फिरलं.

१९८३ अखेर कलम ४९८-अ आलं आणि सासरचा छळ हा दखलपात्र गुन्हा झाला. आता एफआयआर घ्यायलाच हवी, असं कायदा म्हणू लागला. ठाण्यातला माणूस मात्र तोच होता. म्हणून १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच इमारतीत प्रशिक्षित समाजसेविका बसवायची. मला ही कल्पना कायद्याइतकीच मोठी वाटते. पुढे राज्य सरकारने ती उचलली आणि हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. २०२४ च्या जुलैपासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ने घेतली आहे.

आणि इकडे? डच लोक पहिल्यापासून पुढारलेले, असा आपला समज असतो. १८८६ साली लागू झालेल्या त्यांच्या दंडसंहितेत बायकोला मारणाऱ्याची शिक्षा एक तृतीयांशाने वाढवता येईल, असं कलम होतं खरं. पण त्याच देशात लग्न झालेल्या बाईला १९५६ च्या कायदाबदलापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय करारसुद्धा करता येत नव्हता! नवऱ्याने केलेला बलात्कार गुन्हा ठरायला १९९१ उजाडलं. बदल आधी रस्त्यावरून आला. १९७४ साली ॲमस्टरडॅममध्ये काही बायकांनी एक रिकामं घर ताब्यात घेऊन मारहाण झालेल्या बायकांसाठी उघडलं, पत्ता गुप्त ठेवून. नाव 'ब्लैफ फान मैन लैफ', म्हणजे 'माझ्या अंगाला हात लावू नकोस'. १ जानेवारी २००९ पासून तर महापौर मारणाऱ्यालाच १० दिवस घराबाहेर काढू शकतो. मुदत २८ दिवसांपर्यंत वाढते, आणि त्यासाठी बाईने फिर्याद दिलेली असावीच लागते असं नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. इथेही दोन गोष्टी आहेत, 'मेल्डिंग' आणि 'आनखिफ्त'. आमच्या भाषेत सांगायचं तर मेल्डिंग म्हणजे लॉगमधली नोंद आणि आनखिफ्त म्हणजे उघडलेलं टिकेट. मेल्डिंग एनसीसारखं वाटतं, पण अगदी तसं नाही, कारण त्यावरूनही पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात. आनखिफ्त म्हणजे सही केलेली फिर्याद. ती घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत मागून घेता येते. भाषा येत नसेल तर दुभाषा मागावा. माझ्यासारखा ओळखीचा, त्यातून नवऱ्यालाही ओळखणारा माणूस या कामाला बरा नव्हे.

हा कागद आपल्या बायकांना आणखी एका कारणासाठी लागतो. नवऱ्यामुळे मिळालेला राहण्याचा परवाना त्याच्यावरच अवलंबून असतो, आणि स्वतंत्र परवान्याला एरवी पाच वर्षं थांबावं लागतं. घरात मारहाण होत असेल तर त्याआधीही अर्ज करता येतो. पुरावा म्हणून पोलिसांकडची नोंद आणि डॉक्टरांचा किंवा आश्रयगृहाचा दाखला कामी येतो. परत पाठवतील या भीतीने गप्प बसणाऱ्या बाईला नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

जीव धोक्यात असेल तर ११२. नुसतं बोलायचं असेल तर 'फैलिख ताउस'चा ०८००-२००० हा नंबर, २०१५ पासून चोवीस तास आणि फुकट. आणि फिर्यादीची प्रत घरच्या पत्त्यावर पाठवू नका, मी येऊन घेईन, हे तिथे बसल्या बसल्याच सांगून ठेवावं.